डाग पखालीला

‘रोग रेड्याला आणि डाग पखालीला’ ही म्हण मराठीत अजून जिवंत आहे. आता लोक डागाऐवजी ‘इंजेक्शन’ म्हणतात, एवढाच फरक. ग्रामसभेत, अग्रलेखात, निवडणुकीच्या भाषणात ती हमखास येते. पण वर्गात ‘पखाल म्हणजे काय?’ असं विचारलं की मुलं एकमेकांकडे बघतात. कोणी पालखी म्हणतं, कोणी पखवाज. रेडा सगळ्यांना माहीत असतो, पखाल कुणालाच नाही.

उर्दूच्या तासाला घोटाळा निराळा. पाठ संपला की खाली ‘मश्क’ असा मथळा येतो, म्हणजे स्वाध्याय. तो शब्द मोठ्या काफ़चा. लहान काफ़ची मश्क म्हणजे पाण्याची कातडी पिशवी, जिला आपण मराठीत मसक म्हणतो. मुलांना पहिली मश्क रोज भेटते, दुसरी कधीच नाही. भिश्त्याच्या खांद्यावर काय असायचं ते सांगायला मला फळ्यावर चित्र काढावं लागतं, आणि माझं चित्र बहुधा बकरीसारखं दिसतं. तेही काही चुकीचं नाही. मसक अख्ख्या बकऱ्याच्या कातड्याचीच असायची. मानेकडची बाजू म्हणजे तोंड, आणि पायांची टोकं घट्ट बांधलेली. पखाल त्याहून मोठी, जाड कातड्याची. ती बैलाच्या नाहीतर रेड्याच्या पाठीवरून दोन्ही बाजूंना लोंबायची. मसक माणसाची, पखाल जनावराची. दोन्ही वाहणारा तो पखाली किंवा भिश्ती. भिश्ती हा शब्द फारसी ‘बिहिश्त’वरून, म्हणजे स्वर्गावरून आला. तहानलेल्याला पाणी पाजणाऱ्याला लोकांनी स्वर्गातला माणूस ठरवलं होतं.

या लेखाचा विषय मात्र पाणी नाही, गळती आहे. पाण्याखाली श्वास घेणारे पाणबुडे आपल्या साहित्यातली बारीक गळती कशी शोधतात आणि कशी बंद करतात, हे मला लिहायचं आहे. बुलढाण्यात बसून हा विषय कशाला, असं कोणी विचारेल. समुद्र आमच्यापासून शेकडो किलोमीटर दूर. लोणारला एवढं मोठं सरोवर आहे, पण त्याच्या खाऱ्या, क्षारयुक्त पाण्यात कोणी हौसेने बुडी मारत नाही. तरीही या विद्येची मुळं कोरड्या मुलखात आहेत असं मला वाटतं, कारण ती पखालीच्या शिवणीत सापडतात.

पखाल एका जातीच्या हाताने होत नसे. कातडं कमवायचं काम ढोर समाजातले कारागीर करत. बाभळीची साल, हिरडा, चुना यांत दिवसचे दिवस कातडं भिजवायचं, वास सोसायचा, मग शिवायचं. वाहणारा बहुतेक मुसलमान. पाणी पिणारा कोणीही. (पिणाऱ्यांपैकी कितीजण शिवणाऱ्याला आपल्या ओसरीवर बसू देत, हा प्रश्न मी मुलांना मुद्दाम विचारतो.) अशी पिशवी तीन ठिकाणी दगा देते. शिवणीत, घडीवर, आणि काटा टोचला तिथे. उन्हाळ्यात दोन आठवडे रिकामी टांगून ठेवली तर कातडं वाळतं आणि घडीवर केसाएवढी भेग पडते.

आमच्या मोहल्ल्यात लहानपणी एक म्हातारे चाचा होते, त्यांच्या घराण्यात हे काम होतं. ते सांगायचे, मसक पाण्याने भरून गळती शोधायची नाही, कारण ओली झाली की ती सगळीच ओली दिसते. रिकामी करायची, तोंडाने फुगवायची, हौदात दाबून धरायची. बुडबुडा जिथून येतो तिथे भोक. मग बोट तिथेच ठेवून पिशवी बाहेर काढायची, बोट हलवायचं नाही. भोक बारीक असेल तर आतून लाकडाची छोटी गुंडी किंवा गोल खडा धरायचा आणि बाहेरून कातड्यासकट दोरीने आवळून टाकायचा. शिवण उसवली असेल तर चरबी, मेण, नवा टाका. आणखी एक गोष्ट ते आवर्जून सांगायचे : पाझर वेगळा, गळती वेगळी. चांगली मसक थोडी पाझरतेच. तो ओलावा वाऱ्याने उडतो आणि आतलं पाणी गार राहतं. पाझर बंद करायला जाणारा अडाणी, गळती चालू देणारा आळशी.

मुसलमानांच्या स्मरणात तर एक फुटलेली मसक कायमची कोरली गेली आहे. १० मोहरम हिजरी ६१, म्हणजे इसवी सन ६८०चा ऑक्टोबर. करबलाच्या मैदानात तहानलेल्या मुलांसाठी हजरत अब्बास फुरात नदीवर गेले, मसक भरून परत निघाले, आणि परंपरा सांगते की वाटेत बाण मसकीला लागला आणि पाणी वाळूत गेलं. आजही हजरत अब्बासांच्या नावाच्या अलमाला छोटी मसक बांधलेली दिसते. उत्तरेकडचे अनेक भिश्ती स्वतःला अब्बासी म्हणवतात ते यामुळेच. मोहरममध्ये चौकात सबील लावून सरबत पाजणाऱ्या पोरांना हे सगळं ठाऊक असतंच असं नाही, पण पाजतात मनापासून.

पाण्याऐवजी मसकीत हवा भरली की गळतीचा अर्थ बदलतो. पाणी गळलं तर माणूस तहानलेला राहतो, हवा गळली तर बुडतो. जून १५३९मध्ये बिहारमधल्या चौसा इथे शेरखानाने (पुढचा शेरशाह) हुमायूनच्या छावणीवर पहाटे छापा घातला. हुमायून घोड्यासकट गंगेत पडला. निजाम नावाच्या भिश्त्याने फुगवलेल्या मसकीच्या आधाराने त्याला पैलतीरी नेलं. बादशाहने शब्द दिला होता, तो आग्र्याला पाळला आणि निजामला तख्तावर बसवलं. कोणी अर्धा दिवस म्हणतं, हुमायूनची बहीण गुलबदन बेगम दोन दिवस लिहिते. निजामने त्या वेळात चामड्याची नाणी चालवली ही कथा सगळ्यांना आवडते. मला त्या कथेत एक राहून गेलेली गोष्ट दिसते. ऐन गडबडीत, अंधारात, नदीच्या मधोमध ती मसक गळली नाही. आदल्या दिवशी कोणी तरी तिची शिवण तपासली असणार.

फुगवलेल्या कातड्यावर नदी ओलांडणं निजामच्याही फार आधीचं. इराकमधल्या निमरूद इथल्या असीरियन राजा दुसरा अशुरनासिरपाल याच्या राजवाड्यातलं एक शिल्प लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. ते जवळपास २,९०० वर्षांपूर्वीचं. त्यात सैनिक पोटाखाली फुगवलेलं कातडं धरून पोहतात आणि एकाच्या तोंडात त्या कातड्याची नळी दिसते. इंटरनेटवर हे चित्र ‘जगातले पहिले स्कूबा डायव्हर’ म्हणून फिरतं. ते खरं नाही. तो पाण्याखाली नाही, पृष्ठभागावर आहे. तो पिशवीतली हवा ओढत नाही, पिशवीत फुंकतो आहे. चाचांना ते चित्र दाखवलं असतं तर एका नजरेत म्हणाले असते, पिशवी बसतेय, म्हणून फुंकतोय.

पाण्याची आणि हवेची ही दुहेरी गरज आमच्या जिल्ह्यानेही पाहिली आहे. सिंदखेडराजा तालुक्यातल्या साखरखेर्डा इथे ऑक्टोबर १७२४मध्ये निजाम-उल-मुल्क आणि मुबारिजखान यांची लढाई झाली. मुबारिजखान मारला गेला, दख्खनमधली निजामाची सत्ता पक्की झाली, आणि गावाला फत्तेखेर्डा हे नाव मिळालं. इतिहासाची पुस्तकं सेनापती सांगतात. पण एवढी माणसं, घोडे, हत्ती, बैल यांना पाणी कोणी पाजलं? कोणत्याही फौजेमागे पखालींचा तांडा असायचाच. त्यांची नावं कोणत्या बखरीत यायची!

आणि हवा? ती विहिरीत. उन्हाळ्यात गाळ काढायला उतरलेला माणूस आत कोसळला, त्याला वाचवायला दुसरा उतरला, तोही गेला, अशा बातम्या आपण दरवर्षी वाचतो. बंद पडलेल्या खोल विहिरीत तळाशी जड, घातक वायू साचतो. नवव्या शतकात बगदादमध्ये बनू मूसा म्हणून ओळखले जाणारे मुहंमद, अहमद आणि हसन हे तीन भाऊ होते. इसवी सन ८५०च्या सुमारास त्यांनी ‘किताबुल हियल’ हा ग्रंथ लिहिला, त्यात शंभरेक यंत्रं आहेत. बरीचशी करमणुकीची : आपोआप वाहणारी भांडी, रूप बदलणारी कारंजी. पण त्यातच एक मुखवटा आहे, विषारी हवेच्या विहिरीत उतरणाऱ्या मजुरासाठी. बाहेरची चांगली हवा नळीने त्याच्या तोंडापर्यंत पोहोचते. बाराशे वर्षांपूर्वी बगदादच्या विद्वानांना विहीर खणणाऱ्याच्या श्वासाची काळजी होती, आणि आपण अजून दोर बांधून माणूस सोडतो, वर देवाचं नाव घेतो. असो. त्या मुखवट्याचं खरं दुखणं विद्वानांनाही कळलं असणार : नळीचा सांधा सैल असेल तर वरची चांगली हवा येत नाही, आजूबाजूची वाईट हवा आत येते.

युरोपात पुढे जे झालं ते थोडक्यात सांगतो. एडमंड हॅली, ज्याच्या नावाचा धूमकेतू आहे तोच, १६९०च्या दशकात पाण्यात सोडायच्या घंटेत बसून खाली गेला. वरून पिंपांनी हवा पाठवायची, आणि पिंपाची नळी चामड्याची, तेल आणि मेण पाजलेली. म्हणजे मसकच. १८२३मध्ये चार्ल्स मॅकिन्टॉशने दोन कापडांमध्ये रबराचा थर घालून पाणी न शिरणारं कापड केलं. १८३०च्या दशकात ऑगस्टस सीबने तसल्या कापडाचा अंगभर पोशाख आणि त्याला घट्ट बसणारं तांब्याचं शिरस्त्राण बनवलं. चामडं गेलं, रबर आलं. शिवण तीच राहिली.

आज पर्यटक पाठीवर बांधतात त्या यंत्राची सुरुवात १९४३ची. फ्रान्स जर्मनांच्या ताब्यात, पेट्रोल मिळत नव्हतं, गाड्या गॅसवर चालत होत्या. एमिल गान्यां नावाच्या अभियंत्याने त्यासाठी गॅस बेताने सोडणारी एक झडप केली होती. नौदलातल्या जॅक कूस्तोने ती पाहिली आणि दोघांनी तिचं श्वासयंत्र केलं. जानेवारीत पॅरिसजवळच्या मार्न नदीत पहिली चाचणी झाली. कूस्तो आडवा पोहत होता तोवर ठीक. उभा राहिला की हवा भसाभसा वाया जायची, डोकं खाली केलं की ओढताच येईना. भोक कुठेच नव्हतं. दोघांनी शोधून काढलं की सोडलेली हवा बाहेर पडायची जागा आणि आत घ्यायची झडप यांच्यात काही इंचांचं अंतर होतं. उभं राहिलं की त्या काही इंच पाण्याच्या दाबाचा फरक पुरे होत होता. दोन्ही शेजारी आणल्यावर दुखणं थांबलं.

उरला प्रश्न सांध्यांचा. तो सोडवला नील्स क्रिस्टेन्सन या अमेरिकेत गेलेल्या डॅनिश कारागिराने. १९३७मध्ये त्याने रबराच्या साध्या गोल कड्यासाठी पेटंटचा अर्ज केला. तेव्हा त्याने सत्तरी ओलांडली होती. धातूच्या खाचेत बसवलेलं हे कडं, ज्याला ओ-रिंग म्हणतात, दाब वाढला की चेपून आणखी घट्ट बसतं. खाच मात्र स्वच्छ हवी आणि रबर मऊ हवं. २८ जानेवारी १९८६च्या थंड सकाळी अमेरिकेच्या चॅलेंजर यानातली अशीच कडी गारठून कडक झाली, जळता वायू बाहेर आला आणि सात जण गेले. रिचर्ड फाइनमनने नंतर चौकशीच्या बैठकीत रबराचा तुकडा बर्फाच्या पाण्याच्या पेल्यात बुडवून सगळ्यांना दाखवला. शिकवण्याची यापेक्षा चांगली पद्धत मला माहीत नाही.

गेल्या काही वर्षांत मालवण-तारकर्ली म्हटलं की स्कूबा, असं समीकरण झालं आहे. तारकर्लीला राज्याच्या पर्यटन विकास महामंडळाची प्रशिक्षण संस्था आहे, आणि सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासच्या खडकांवर दिवसभर होड्या उभ्या असतात. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही कुटुंबासह गेलो होतो. बायको-मुलं होडीत गेली, मी काठावर राहिलो. तिथे सावलीत एक तरुण निळ्या प्लास्टिकच्या पिंपात हात घालून बसला होता. मी जाऊन शेजारी बसलो आणि दोन तास उठलो नाही.

त्याचं काम असं. सिलिंडरमध्ये हवेचा दाब २०० बार, मोटारीच्या टायरच्या साधारण शंभर पट. सिलिंडरच्या तोंडावर पहिली झडप बसते, ती हा दाब नऊ-दहा बारवर आणते. तिथून नळी तोंडातल्या दुसऱ्या झडपेकडे जाते, आणि ती फक्त श्वास ओढला की हवा सोडते. सिलिंडर उघडण्याआधी तो पहिल्या झडपेचं तोंड टोपणाने बंद करतो आणि तोंडातल्या भागातून हलकेच हवा ओढतो. काहीच यायला नको. हवा आली तर पाण्याखाली त्याच वाटेने पाणी येणार. मग पाहायचं : चावायचा रबरी तुकडा पट्टीखाली फाटला आहे का, श्वास बाहेर सोडायच्या पातळ पडद्याखाली वाळूचा कण आहे का. बऱ्याचदा कणच असतो. धुतला की काम झालं.

मग सिलिंडर उघडायचं, नळ्या भरू द्यायच्या, पुन्हा बंद करायचं आणि दाबाच्या काट्याकडे पाहत बसायचं. पाच-दहा मिनिटांत काटा खाली आला तर कुठे तरी गळती आहे. कुठे, ते पिंप सांगतं. सिलिंडर पुन्हा उघडून सगळं पाण्यात धरलं की बुडबुड्यांची माळ दिसते. सिलिंडर आणि झडप यांच्या मधल्या कड्यातून असेल तर दाब सोडून कडं बदलायचं. दाबमापक जिथे फिरतो त्या सांध्यातून असेल तर तिथली बारीक कडी झिजलेली. कडं काढायला लोखंडी टोचा वापरायचा नाही, खाचेला ओरखडा पडला की नवं कडंही गळणार. दाब असताना पाना लावायचा नाही. नळीच्या अंगावरून मोहरीएवढे चार बुडबुडे सुटून थांबले तर बाहेरच्या थरात अडकलेली हवा असू शकते. सतत येत राहिले तर नळी बदलायची, चिकटपट्टी लावायची नाही. हे ऐकताना मला चाचांचा पाझर आठवला.

अंगात घालायचं फुगणारं जाकीट तो फुगवून रात्रभर टांगतो. सकाळी मऊ पडलं असेल तर साबणाचं पाणी. मिठाचे खडे बटणाखाली बसतात आणि बटण अडकतं, मग जाकीट आपोआप फुगत राहतं, ते गळण्यापेक्षा भयंकर. पाणबुडा नको त्या वेगाने वर फेकला जातो आणि फुप्फुसांना इजा होऊ शकते. म्हणून रोज गोड्या पाण्याने आतून-बाहेरून धुणं, थोडी हवा आत ठेवून सावलीत वाळवणं. पखालीचं उलट होतं, ती पूर्ण वाळू द्यायची नाही.

पिंपात हात घातलेला तो मुलगा पाहून कुणालाही जे आठवेल तेच मला आठवलं : सायकलच्या दुकानातलं ट्यूब बुडवायचं घमेलं. ‘पंक्चर काढणारे’ हा आपल्या समाजाला उद्देशून मारायचा आवडता टोमणा झाला आहे. टोमणा मारणाऱ्याची गाडी रात्री अकराला राजूर घाटात बसली की तो कुणाला शोधतो, हे मी विचारत नाही. माझ्या काही विद्यार्थ्यांचे वडील हेच काम करतात आणि टोमणा वर्गातही येतो, म्हणून हा इतिहास मी वर्गात सांगतो. फुगवा, बुडवा, बुडबुडा बघा, बोट हलवू नका. निजामच्या मसकीपासून दोनशे बारच्या सिलिंडरपर्यंत पद्धत हीच आहे. तारकर्लीत त्याच कामाला तंत्रज्ञ म्हणतात आणि प्रमाणपत्र देतात.

दुपारी एक होडी परतली. प्रशिक्षकाने एक यंत्र आणून दिलं. तक्रार अशी की तोंडातली झडप आपोआप फुसफुसते, हिचा स्क्रू जरा आवळ. मुलाने ते सिलिंडरला लावलं. सुरुवातीला आवाज नव्हता. दोनेक मिनिटांनी बारीक फुसफुस सुरू झाली. त्याने बटण दाबून थोडी हवा सोडली, आवाज थांबला, आणि थोड्या वेळाने पुन्हा आला. मग त्याने जाकिटाच्या नळीला एक छोटा दाबमापक जोडला. काटा दहाच्या जवळ थांबायला हवा होता. तो थांबला नाही, हळूहळू वर सरकत राहिला. पहिल्या झडपेची आतली बैठक झिजली होती. ती दाब पूर्ण अडवत नव्हती, आणि वाढलेला दाब बिचाऱ्या दुसऱ्या झडपेतून वाट काढत होता. तोंडातली झडप ठणठणीत होती. तिचा स्क्रू आवळला असता तर फुसफुस काही वेळ थांबली असती, श्वास ओढायला जड गेला असता, आणि दुखणं तिथेच राहिलं असतं.

मी त्याला ती म्हण सांगितली. तो हसला, म्हणाला, “आमच्याकडेपण म्हणतात, पण सर, पखाल म्हणजे काय ओ?” मग सिलिंडर बंद करून त्याने नळ्यांतला दाब सोडला, पहिली झडप काढून टोपण लावलं, आणि कंपनीच्या तंत्रज्ञाकडे पाठवायच्या लाल पिशवीत टाकली. दुसरी झडप गोड्या पाण्यात विसळून त्याने खुंटीला टांगली.